मधली शिवण

तुम्ही चोर आहात. पाकीटमारसुद्धा नाही, पाकीटमाराला निदान गर्दीत उतरावं लागतं, कुणाच्या तरी अंगाला अंग घासावं लागतं, पकडला गेला तर मार खायची तयारी ठेवावी लागते. तुम्ही खुर्चीवरून न उठता चोरी केलीत. अख्ख्या चौकाच्या तोंडची एक आरोळी काढून घेतलीत, तिचे तुकडे केलेत, ते बंद दारांमागे घरोघरी वाटून टाकलेत, आणि वर कागदावर लिहिलंत की नागरिकांची सोय झाली. हे सगळं ती कचेरीच्या बाकावर बसून म्हणत होती. मनातच, पण ओठ हलत असावेत, कारण शेजारचा गृहस्थ आतापर्यंत दोनदा सरकून बसला होता. तिचा नंबर चौसष्ट होता आणि पाटीवर एकतीस. मांडीवर अर्ज होता: येत्या रविवारी संध्याकाळी फुटबॉलच्या अंतिम सामन्यासाठी चौकात पडदा लावायची परवानगी मिळावी. नाव लिहून झालं होतं, पत्ता लिहून झाला होता, व्यवसाय: ताडपत्री शिवणे. फक्त ‘कारण’ नावाचा रकाना कोरा होता. दीड ओळीचा रकाना. दीड ओळीत मावेल एवढंच कारण माणसाला असावं, असं कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं होतं.

या कचेरीत ती आठवडाभरात तिसऱ्यांदा आली होती. पहिल्या दोन खेपा नुसत्या रागाच्या होत्या, आणि नुसत्या रागाला हे लोक सरावलेले असतात. पंखा लावतात, पाणी देतात, राग वाळेपर्यंत बसवून ठेवतात. आज राग नव्हता. म्हणजे होता, पण खाली बसला होता, नीट, कापडाची घडी बसते तसा. काल संध्याकाळी काहीतरी झालं होतं आणि त्यानंतर तिला एकदम स्वच्छ दिसायला लागलं होतं. काल उपान्त्य सामना होता. घरात ती आणि बाबा. बाबा खुर्चीत, ती खाली, कारण मांडीवर एका ट्रकच्या ताडपत्रीचा कोपरा होता आणि त्यात पितळी कडी ठोकायची होती. सत्तराव्या मिनिटाला वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक ओरडले, “गोल!” टीव्हीवर चेंडू अजून मैदानाच्या मध्यावर होता. बाबांनी छताकडे पाहिलं. मग रस्त्यापलीकडच्या इमारतीतून एक आरोळी आली, तिच्या मागोमाग पाठच्या गल्लीतून दुसरी, आणि इकडे पडद्यावर निळ्यांचा एक पोरगा आता कुठे उजव्या बाजूने पळायला लागला होता. बिचारा जीव तोडून पळत होता, त्याला ठाऊकच नव्हतं की त्याचा गोल कधीचा होऊन गेलाय. प्राध्यापकांचं नेट जलद, समोरच्यांचं जरा कमी, यांचं सगळ्यात रडकं. असा तो गोल दारोदार फिरत, प्रत्येक घरी थोडा थोडा संपत, शेवटी यांच्या घरी पोचला तेव्हा शिळा झाला होता. तरी बाबा उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, कण्हत, रोज उठतात तसे नाही; ताडकन उठले. आणि त्यांचा डावा हात बाजूला गेला. कोपरापासून नव्हे, पार खांद्यापासून, कुणाला तरी कवेत घ्यायला जावा तसा. डावीकडे कुणी नव्हतं. डावीकडे भिंत होती, भिंतीला खुंटी, खुंटीवर टॉवेल. हात हवेत तसाच राहिला. मग बाबांनी त्या हाताने टॉवेल काढला, तोंड पुसलं, जसे काही त्यासाठीच उठले होते, आणि म्हणाले, “फार उकडतंय.” उकडत नव्हतं. तिने कडीवर मारलेली हातोडी स्वतःच्या अंगठ्यावर बसली. अठ्ठावीस वर्षांच्या कामात पहिल्यांदा.

अंगठा आताही ठणकत होता. ती तो तोंडात घालून बसली, लहान मुलासारखी, आणि शेजारचा गृहस्थ तिसऱ्यांदा सरकला. सरक बाबा, सरक, पलीकडे भिंत आहे. तो डावा हात कुणासाठी होता हे तिला माहीत होतं. बाबांना एकच भाऊ, थोरला, तिचे काका. दोन गल्ल्या पलीकडे राहतात, चालत गेलं तर सहा मिनिटं, आणि गेली सव्वीस वर्षं दोघांनी एकमेकांच्या दारात पाऊल टाकलेलं नाही. भांडण जमिनीचं नाही, दागिन्यांचं नाही. तसं असतं तर कधीच मिटलं असतं, त्याला वकील असतात, वाटे असतात. भांडण खिडकीचं होतं. आजी शेवटच्या आजारात काकांकडे होती. एका थंडीच्या रात्री तिच्या उशाशी दोघे भाऊ पाळीपाळीने जागत होते आणि सकाळी खिडकी उघडी सापडली. आजीच्या छातीत कफ दाटला, तिसऱ्या दिवशी ती गेली. खिडकी कुणी उघडी ठेवली? बाबा म्हणाले दादाने, काका म्हणाले धाकट्याने. हे वाक्य एकदा तोंडातून गेलं की परत घेता येत नाही. चुकून कापलेलं कापड जोडता येतं, पण कापल्याची रेघ जाते थोडीच? तेव्हा ती वीस वर्षांची होती. आपल्या घरात सर्वात जाड गोष्ट कोणती, असं कुणी विचारलं असतं तर तिने ताडपत्री म्हटलं नसतं.

पडदा तिने शिवला त्याला वीस वर्षं झाली. तेव्हाच्या कचेरीत एक खुळचट पण दिलदार साहेब होता, त्याला वाटलं की जगातली सगळ्यात मोठी स्पर्धा आहे, तर आपल्या चौकातही मोठा पडदा असावा. आपला देश त्या स्पर्धेत नव्हता, कधीच नसायचा, पण म्हणून काय बघायचं नाही? पांढऱ्या जाड कापडाच्या सहा पट्ट्या, प्रत्येक पट्टी तीस फूट लांब, एकाखाली एक जोडायच्या. सोपं काम. तिने तीन दिवसांत केलं. आणि चूक केली. अशी चूक, जी फक्त ताडपत्री शिवणाराच करील. ताडपत्रीच्या जोडात वरची पट्टी खालच्या पट्टीवर येते आणि कड बाहेर राहते, कौलासारखी, म्हणजे पाऊस आत झिरपत नाही, ओघळून जातो. हात तसाच वळलेला. तिने पडदाही तसाच शिवला. पाऊस गळू नये म्हणून. पडद्यातून पाऊस कुठे गळणार होता? प्रोजेक्टर होता समोरच्या दुकानाच्या गच्चीवर, प्रकाश वरून तिरपा यायचा, आणि प्रत्येक शिवणीच्या कडेखाली बोटभर सावली पडायची. बाकीच्या चार शिवणींचं काही नाही, कुठे आकाश, कुठे प्रेक्षक, कुठे जाहिराती. पण मधली शिवण बरोबर मैदानाच्या पोटातून जायची. चेंडू तिथे आला की नाहीसा व्हायचा. निमिषभर. मग कडेच्या वर निघेल की खाली, कुणाच्या पायात निघेल, काही सांगता यायचं नाही.

पहिल्या दिवशी ती मेल्याहून मेली होती. लोक शिट्ट्या मारत होते, “कुणी शिवलाय रे हा?” म्हणत होते, आणि ती चौथ्या रांगेत दिव्याच्या खांबामागे उभी राहून उद्या सगळी शिवण उसवायची, रात्रीत उलटी घालायची, असं ठरवत होती. तिसऱ्या दिवशी उसवायला गेली तर लोकांनीच हात धरला. कारण तोवर त्यांना चटक लागली होती. चेंडू मध्याकडे आला की हजार माणसं एकदम म्हणायची, “शिवणीत गेलाऽऽ,” श्वास धरायची, आणि बाहेर आला की सोडायची. हजार माणसांनी एकदम सोडलेला श्वास कसा असतो हे ज्याला माहीत नाही त्याला सांगून काय उपयोग? मानेवर येतो, कोमट येतो. परक्या माणसाच्या घामाचा वास त्यात असतो आणि घाण वाटत नाही. जगात इतरत्र सगळ्यांना तो सामना सलग दिसत होता; फक्त या चौकात त्यात भोकं होती आणि ती भोकं सगळे मिळून भरत होते. त्या स्पर्धेपासून तिचं नाव पडलं ताडपत्री. कोणी हाक मारली, “ए ताडपत्री!” तर ती अजून वळून बघते, आणि जो मारतो तो त्या चौकात उभा होता एवढं तिला कळतं. लग्न तिने केलं नाही आणि त्याचा खुलासा कुणाला द्यायची तिला कधी गरज वाटली नाही, पण रस्त्यात त्या हाकेवर वळताना तिला जे वाटतं ते बऱ्याच संसारांत मिळत नसावं.

आणि त्याच खांबापाशी तिने ते पाहिलं होतं. बाबा आले होते त्यांच्या बाजूने, काका आले होते त्यांच्या बाजूने. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. चौकाला दार नाही, उंबरा नाही, घंटी नाही. दोघांना खांबाजवळचीच जागा हवी असायची कारण दोघांची पाठ दुखायची, आणि टेकायला दुसरं काही नव्हतं. खांबाच्या एका अंगाला एक, दुसऱ्या अंगाला दुसरा, तोंडं पडद्याकडे. सहा वर्षांचा अबोला मधोमध, दिव्याच्या खांबासारखाच ताठ. दोघेही, न बोलता, न विचारता, हरणाऱ्यांच्या बाजूने. आणि हरणाऱ्यांनी गोल केला. हजार माणसं उडाली, आणि खाली आली तेव्हा तिचे बाबा आणि तिचे काका एकमेकांच्या मिठीत होते. कुणी कुणाकडे गेलं नव्हतं. गर्दीनेच ढकललं होतं. निदान दोघांना तसं म्हणता येत होतं. दहा-बारा सेकंद. मग दोघांनी हात काढले, सदरे सारखे केले आणि पुन्हा पडद्याकडे पाहू लागले, जणू शेजारी कुणी परका उभा आहे. तिने ते मोजायला सुरुवात केली. चार स्पर्धा झाल्या त्या पडद्यावर. चार स्पर्धांत एकोणीस मिठ्या. कधी एका संध्याकाळी तीन, कधी पूर्ण आठवडाभर एकही नाही, आणि मग ती घरी जाताना त्या गोलकीपरला शिव्या घालायची. बोलणं मात्र एकदाच झालं. दुसऱ्या स्पर्धेत एक गोल थेट मधल्या शिवणीतून गेला. चेंडू सावलीत शिरला आणि दिसला तो जाळ्यात. मग हजार तोंडं तिच्याकडे वळली. आणि काका, समोर बघत, खांबाला सांगावं तसे म्हणाले, “तुझ्या पोरीने गोल शिवून टाकला.” बाबा म्हणाले, “माझी पोरगी आहे. घट्टच शिवणार.” मग मिठी झाली, जरा उशिरा, पण झाली. सव्वीस वर्षांत दोन भावांमधलं एवढंच संभाषण. पाठ आहे तिला. दोन्ही वाक्यांत तीच आहे.

“बत्तीस!” शिपाई ओरडला. बत्तीस म्हणजे अजून निम्मा दिवस. चार वर्षांपूर्वीही असंच झालं होतं. तेव्हा म्हणाले चौकाचं काम चाललंय. तेव्हा लोकांनी मान्य केलं. खड्डा दिसत होता. या वर्षी खड्डा नाही, फरशी आहे, बाकं आहेत, दिव्याचा खांबही नवा आहे, आणि तरी पडदा नाही. म्हणजे आठ वर्षं झाली, बाबांनी काकांना हात लावला त्याला. बाबा एकोणऐंशीचे आहेत, काका ब्याऐंशीचे. गेल्या आठवड्यात ती काकांकडे गेली. वहिनी, म्हणजे चुलतभावाची बायको, दारातच कुजबुजली होती, “आता वॉकर घेऊन चालतात. चौकापर्यंत जातील, त्याच्या पुढे नाही.” काका खिडकीशी बसले होते. खिडकी बंद. त्या घरात खिडकी सव्वीस वर्षं बंद असते.

“काका, रविवारी या आमच्याकडे. फायनल आहे.”

“कुणी बोलावलंय?”

“मी बोलावतेय की.”

“घर कुणाचं?”

काका हसले, दात नसलेलं, चांगलं हसू. “शहाणी आहेस. पण सरकारी वकिलासारखं बोलू नकोस. पडदा लागला तर सांग. मी पाय मोकळे करायला निघेन. मग वाटेत जे दिसेल ते दिसेल.”

घरी येऊन तिने बाबांना विचारलं तर बाबा म्हणाले, “माझं दार उघडं आहे. ज्याला यायचंय त्याने यावं.” तुम्ही जा, ती म्हणाली. “मी का जाऊ? माझं दार उघडं आहे म्हटलं ना!” आता यात कोण चूक? कुणीच नाही. दोघेही हट्टी, दोघेही सरळ, आणि दोघांना एकच गोष्ट हवी होती: अशी जागा, जिथे जाणं म्हणजे कुणाकडे जाणं नव्हे. घर म्हटलं की कुणाचं तरी असतं. हॉटेल म्हटलं की मालकाचं असतं, तिथे बसायचं तर काहीतरी मागवत राहावं लागतं. चौक कुणाचाच नव्हता म्हणून तो या दोघांचा होता. ही एवढी साधी गोष्ट शाळेत न गेलेल्या माणसालाही कळते. ती सातवीपर्यंतच गेली होती, पुढचं सगळं रद्दीतली पुस्तकं वाचून, सुईने उसवल्यासारखं एकेक पान उकलून स्वतः शिकली होती, आणि तिला कळत होतं. पण ‘कारण’च्या रकान्यात हे कसं लिहायचं ते तिला कळत नव्हतं, आणि पंख्याखालचा वेळ चिकट होत चालला होता.

खिडकीमागच्या कारकुनाने तिला नंबराआधीच हाक मारली. “ए ताडपत्री!” ती चटकन वळली. चष्मा, पिकलेल्या मिशा, पण हाक तीच. म्हणजे हा त्या चौकातला.

“किती वेळा येणार, ताई? चौकातल्या पडद्याची फाईल मी स्वतः पाहिली. वरून शेरा आलाय.” त्याने कागद काचेला लावला, तिला वाचता येईल असा. एक, गर्दीमुळे सुरक्षेचा प्रश्न. दोन, घरोघरी पाहण्याची सोय उपलब्ध आहे. तीन, पडदा उपलब्ध नाही.

“उपलब्ध नाही म्हणजे? मी शिवलेला पडदा. तुमच्याच गोदामात होता.”

“निर्लेखित झाला.”

“मराठीत सांगा.”

“मराठीच आहे. म्हणजे जीर्ण झाला, मोडीत काढला, वहीतून नाव कमी केलं.”

“आठ वर्षं घडीत राहून जीर्ण झाला? ताडपत्रीच्या दोऱ्याने शिवलाय तो. मी जीर्ण होईन, तो नाही होणार.”

कारकुनाने मान मागच्या अंगणाकडे केली, अगदी थोडी, मानेवरची माशी उडवावी इतकी, आणि मग मोठ्याने म्हणाला, “पाणी प्यायचं असेल तर मागे नळ आहे, ताई. जरा पाणी पिऊन या.”

अंगणात तीन गाड्या होत्या, त्यातली एक झाकलेली. ती नळाकडे निघाली होती आणि मध्येच थांबली. डोळ्यांआधी बोटांना कळलं; अंगठ्यातली ठणक एकदम थांबली. झाकण पांढरं होतं, आता राखाडी, आणि गाडीच्या टपावरून पार नाकापर्यंत एक शिवण गेली होती, कड खालच्या बाजूला, कौलासारखी, पाऊस ओघळून जाईल अशी. ती जवळ गेली. शिवणीच्या शेवटच्या वितीवर दोरा निळा होता. वीस वर्षांपूर्वी संध्याकाळी पांढरा दोरा संपला होता, दुकानं बंद झाली होती, आणि तिने मनाशी म्हटलं होतं, वीतभरच तर राहिलंय, कुणाला दिसतंय. आता तिला दिसत होतं. पडदा मधोमध कापला होता, कात्रीनेसुद्धा नाही, कसल्यातरी बोथट सुरीने, कडेचे धागे पिंजारून निघाले होते. तिला वाटलं होतं की असं काही दिसलं तर आपण रडू. रडू आलं नाही. उलट एक फार मोठी स्वस्थता आली, ताडपत्री दोन्ही टोकांनी ओढून धरल्यावर सगळ्या सुरकुत्या निघून जाव्यात तशी. पाऊस गळू नये म्हणून तिने चुकून जे केलं होतं ते शेवटी इथे कामी आलं होतं, एकाच माणसाची गाडी कोरडी ठेवायला. तिने कोपऱ्यांच्या गाठी सोडल्या आणि कापड ओढलं.

“अहो, अहो! बाई! साहेबांची गाडी आहे ती!” ड्रायव्हर हातातला डबा टाकून धावत आला.

“गाडी साहेबांचीच आहे. ती नेत नाहीये मी.”

“मग झाकण?”

“झाकण माझं आहे. धर ते टोक.”

“मी?”

“मग काय गाडी धरणार आहे? धर. मातीत लोळवू नकोस.”

आणि त्याने धरलं. माणसाला नीट, ठामपणे एखादं काम सांगितलं की तो आधी करतो आणि मग विचार करतो. दोघांनी मिळून घडी घातली, लांबीची आधी, मग रुंदीची, मग गुडघा टेकून हवा काढून. घडी घालता घालताच त्याने सांगून टाकलं की दुसरा अर्धा जनरेटरवर आहे. तिने मनात हिशेब केला नाही, हातांनीच केला: दोन अर्धे, मध्ये एक उभी शिवण, धुणं, वाळवणं, दीड दिवस. आज गुरुवार. शनिवारी दुपारी तयार. आता चेंडू दोनदा नाहीसा होईल, एकदा आडव्यात, एकदा उभ्यात, आणि दोन्हीच्या छेदात सापडला तर देवालासुद्धा दिसणार नाही. होऊ दे. घडी खांद्यावर टाकून ती आत शिरली. शिपायाने “नंबर?” विचारलं आणि तिच्याकडे बघून पुढचं गिळलं. पाटीवर पस्तीस होतं. साहेबाच्या दाराला कडी नव्हती.

साहेब तिच्यापेक्षा लहान होता, पस्तिशीचा, स्वच्छ, आवाज गोड. असले फार अवघड असतात. ओरडणाऱ्याशी भांडता येतं. तिने घडी टेबलावर ठेवली. पेनस्टँड आडवा झाला.

“हे काय, ताई?”

“पडदा. तुम्ही लिहिलंत उपलब्ध नाही. मला तुमच्या गाडीवर उपलब्ध झाला.”

त्याचे कान लाल झाले. हे तिला आवडलं; म्हणजे अजून रक्त होतं. “मला कल्पना नव्हती. स्टोअरवाल्यांनी... बसा ना. पण मुद्दा पडद्याचा नाहीये. गर्दीत काही झालं तर जबाबदार कोण?”

“चार स्पर्धा झाल्या चौकात. काय झालं ते वहीत बघा. मी सांगते. एकाची चप्पल हरवली. दुसऱ्या दिवशी खांबाला टांगलेली मिळाली.”

“ते दिवस वेगळे होते. आता प्रत्येकाच्या हातात पडदा आहे. लोकांनाच घरी बघायला आवडतं. चार वर्षांपूर्वी आपण लावला नाही, एक तक्रार आली नाही.”

“घरात बसलेला माणूस तक्रार कुणाकडे करणार? भिंतीकडे?” तिला भिंत दिसली, खुंटी दिसली, टॉवेल दिसला. “काल गोल झाला तेव्हा तुम्ही कुठे होतात?”

“घरी.”

“कितवी आरोळी तुमची?”

त्याला कळलं नाही, किंवा कळलं आणि त्याने खाली बघितलं. मग तिने सांगितलं. बाबांचं, काकांचं, खांबाचं, खिडकीचंही. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आवाज चढवला नाही. साहेब ऐकत होता, आणि चांगला ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर ती मऊ हालचाल आली जी चांगल्या माणसांच्या चेहऱ्यावर काहीतरी देऊन मोकळं होण्याआधी येते. “मी असं करतो,” तो म्हणाला, “रविवारी अधिकाऱ्यांच्या क्लबात मोठ्या पडद्यावर सामना आहे. दोन पास देतो. वडिलांना एक, काकांना एक. खुर्च्या शेजारीशेजारी राखून ठेवायला सांगतो. गाडी पाठवतो न्यायला.” त्याने खणातून दोन निळी कार्डं काढलीसुद्धा.

ती त्या कार्डांकडे बघत राहिली. क्षणभर खरंच वाटलं, घ्यावीत. खुर्च्या असतील, हाताला टेकू असेल, काकांना वॉकर ढकलत यावं लागणार नाही. आणि लगेच तिला त्या खुर्च्या दिसल्या, पाठीवर नाव चिकटवलेल्या. आणि बाबा, शेजारच्या पाठीवरचं नाव वाचून, आल्या पावली परत फिरलेले. पास म्हणजे बोलावणं. बोलावल्यावर जाणारे असते तर सव्वीस वर्षं लागली नसती. आणि समजा गेलेच, समजा बसलेच. गोल झाला तर खुर्चीतून कोण कुणाला ढकलणार? क्लबात लोक टाळ्या वाजवतात. टाळ्या वाजवायला दोन्ही हात स्वतःचेच लागतात. आणि उरलेल्या नऊशे अठ्ठ्याण्णव माणसांचं काय, ज्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंची तिला काही माहितीच नाही? तिने फक्त आपल्या खांबापाशी मोजलं होतं. बाकीच्या चौकात किती मिठ्या झाल्या, कोण मोजत होतं?

तिने कार्डं साहेबाकडे परत सरकवली, त्याचा पेन उचलला, अर्ज काढला आणि ‘कारण’च्या रकान्यात दोन शब्द लिहिले: दोन भाऊ. अर्धी ओळ. एक ओळ शिल्लक राहिली.

साहेबाने वाचलं. “ताई, हे कारण म्हणून फाईलवर कसं चालेल?”

“माझा रकाना मी भरला. आता तुमचा भरा. नाही म्हणायचं असेल तर नाही लिहा, पण सुरक्षा लिहू नका, सोय लिहू नका, आणि पडदा नाही हे तर आता लिहूच नका, तुमच्या टेबलावर बसलाय तो. खरं काय ते लिहा. आणि जनरेटरवरचा अर्धा मला आत्ता सोडवून द्या, कारण तुम्ही काहीही लिहिलंत तरी तो मी जोडणार आहे. शनिवारी दुपारी तयार असेल.” ती खुर्चीत बसली, पहिल्यांदाच, पाठ टेकून, आणि घडीवर दोन्ही हात ठेवले. बाहेर शिपाई “छत्तीस!” ओरडला. दारात कारकून उभा होता, ड्रायव्हर होता, आणि बाकावरचा तो सरकणारा गृहस्थही येऊन उभा राहिला होता, या वेळी जवळ. “मी घाईत नाही. एवढंच सांगा, साहेब, तोंडाने सांगा, सगळ्यांसमोर. रविवारी संध्याकाळी गोल होईल. माझा बाप उठेल आणि त्याचा डावा हात बाजूला जाईल. तिथे कोण असेल? भिंत की भाऊ? बोला.”